'थांबलो' म्हणणारं मशीन

तुमचं नाव एखाद्या यादीतून गळलं, आणि कचेरीतल्या माणसाने हात वर करून सांगितलं की हे आम्ही नाही, मशीनने केलंय, तर तुम्ही कॉलर कोणाची धराल?

प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. तुर्भ्याच्या एका कारखान्यात, जिथे मी नोकरी करत होते, तिथल्या गोणी गोदामातल्या आणि झाडूकामावरच्या माणसांना हा प्रश्न पडला, आणि त्यांनी कोणाचीच कॉलर धरली नाही. मशीनला कॉलर नसते. पण त्या मशीनमागचा माणूस मी ओळखते. त्याने मला काम शिकवलं. दोन वर्षं मी त्याच्या शब्दावर उठले आणि बसले. त्याचं नाव सबनीस. आम्ही त्यांना सर म्हणायचो, आणि हे लिहितानाही माझ्या हातून 'सर'च उमटतंय, याचा मला राग येतो.

सबनीस सर आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे एक थंडगार खोली, कपाटाएवढं मशीन, खडखडणारा प्रिंटर, आणि पडद्यांसमोर बसलेल्या आम्ही चार ऑपरेटर मुली. बाहेर कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात केमिकलचा वास, आत नव्या कागदाचा. सर बुटके होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. ती ते दाढीच्या ब्लेडने तासायचे आणि भुगा खाली पडू नये म्हणून खाली जुनं पोस्टकार्ड धरायचे. खोलीबाहेर चपला काढायचा नियम होता. भट्टीवरचे कामगार काही विचारायला आले की चपला काढायचे, आणि चपला काढल्या की सवयीने त्यांचे हातही जोडले जायचे. सर चिडायचे. म्हणायचे, हे देऊळ नाही, धूळ नको म्हणून चपला बाहेर. हात जोडू नका, प्रश्न विचारा.

पहिल्याच आठवड्यात हे ऐकलं आणि मी घरी जाऊन बाबांना सांगितलं की मला एक माणूस भेटलाय.

माझे बाबा दुसऱ्या एका कारखान्यात फिटर, आणि संध्याकाळी युनियनचे पत्रकवाले. कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत सायक्लोस्टाइलची शाई भांड्यांनाही लागलेली असायची. मी बाराखडी पाटीवर गिरवली, पण वाचायला शिकले ती पत्रकांवर. 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी वाचलेलं पहिलं सलग वाक्य. अशा घरातल्या मुलीला 'प्रश्न विचारा' म्हणणारा साहेब म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सरांनी आम्हाला जो पहिला धडा दिला तो कॅन्टीनच्या पाटीवरून. पाटीवर आठवड्याचे वार होते आणि नाश्त्याचे पदार्थ होते. त्यांनी आम्हाला दोन याद्या करायला लावल्या. एक वारांची: सोमवार, मंगळवार, बुधवार. दुसरी पदार्थांची: पोहे, उपमा, मिसळ. मग म्हणाले, मशीनला आत नावं ठेवता येत नाहीत, ते फक्त क्रमांक ठेवतं. सोमवार पहिला. पोहेही पहिले. आता मी त्याला विचारलं की सोमवार आणि पोहे एकच का, तर ते काय सांगेल?

"हो सांगेल," मी म्हणाले.

पुष्पा नावाची आमच्यातली एक ऑपरेटर होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "सर, पण आमच्याकडे सोमवारी पोहेच असतात."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग तर जास्तच घात. रोज चुकणारी चूक पकडता येते. कधीकधी बरोबर निघणारी चूक माणसाला खाऊन टाकते."

सरांचा सगळा जीव या एकाच गोष्टीत होता. एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीतल्या नावाशी ताडून बघायचं नाही. सोमवार मंगळवारशी ताडा, पोहे उपम्याशी ताडा, पण सोमवार पोह्यांशी नाही. बोलण्यातही त्यांना ही खोड होती. कोणी म्हणालं की साहेबापेक्षा कॅन्टीनचा चहा बरा, की सर मान न उचलता म्हणायचे, याद्या वेगळ्या. पुष्पाने एकदा विचारलं, सर, तुमची बायको चांगली की आई? त्यालाही तेच उत्तर. आमच्या खोलीत ते म्हणीसारखं झालं होतं.

कारखान्यातल्या साहेबांना कॉम्प्युटरची भाषा येत नव्हती. म्हणून सरांनी त्यांच्यासाठी एक छोटी भाषा बनवली होती. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. साहेबाने एका छापील कागदावर अट लिहायची, त्या कागदाला अटपत्र म्हणायचे. उदाहरणार्थ, 'नेमणूक = बदली आणि विभाग = भट्टी'. आम्ही ती टाइप करायची. मशीन प्रत्येक कामगाराच्या नोंदीला ती अट लावून बघणार. खरी ठरली तर त्याचं नाव यादीत, खोटी ठरली तर बाहेर. नेमणुकीची यादी वेगळी: कायम, बदली, हंगामी. विभागांची यादी वेगळी: भट्टी, पॅकिंग, गोणी, सफाई. कोणी घाईत 'नेमणूक = भट्टी' असं लिहिलं, म्हणजे एका यादीची गाठ दुसरीशी मारली, की मशीन काम बंद करायचं आणि कागदावर छापायचं: 'याद्या वेगळ्या. थांबलो.'

'थांबलो' हा शब्द सरांनी मुद्दाम घातला होता. पुष्पाने विचारलं, 'चूक' का नाही छापत? ते म्हणाले, चूक कोणाची ते मशीनला कुठे ठाऊक आहे. त्याला समजलं नाही, म्हणून ते थांबलं, एवढंच त्याने सांगावं. पुढचं माणसाने बघावं.

आमच्याकडे शिकवायला एक भाषांतरित टिपण आलं होतं. त्यात अशा प्रत्येक यादीला 'जात' म्हटलं होतं. सरांनी ते टिपण वाटण्याआधी प्रत्येक प्रतीतला तो शब्द पेन्सिलीने खोडून वर 'यादी' लिहिलं. चार प्रती, पानोपानी. मी बघत होते हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा म्हणाले, माणसांना पुरली तेवढी बस झाली. मला वाटतं त्या दिवशी मी त्यांची झाले. शिष्या म्हणा, भक्त म्हणा. भक्त हाच शब्द बरोबर आहे, आणि तीच माझी चूक.

मशीनचं थांबणं लोकांना कळलं ते गमबुटांमुळे. भट्टीवरच्या कामगारांना गमबूट द्यायचे ठरले. आमचे पर्सोनेल मॅनेजर इनामदार साहेब, त्यांनी अटपत्र भरलं आणि त्यात नेमणुकीच्या जागी विभागाचं नाव घातलं. मशीन थांबलं. साहेब स्वतः खोलीत आले, चपला न काढता. म्हणाले, हे यंत्र मला शहाणपण शिकवतं का. सर म्हणाले, नाही साहेब, ते फक्त विचारतंय की तुम्हाला नक्की काय म्हणायचंय. साहेबांनी अट सुधारली, आणि सगळ्या भट्टीला बूट मिळाले. मशीन थांबलं नसतं तर एकालाही मिळाले नसते, हे सरांनी मला नंतर कागदावर मांडून दाखवलं.

ही गोष्ट मी घरी सांगितली, आणि आमच्या शेजारच्या शेवंतामावशीने ऐकली. शेवंतामावशी परभणीकडची. आमच्याच कारखान्यात गोणी गोदाम झाडायची, फाटक्या गोण्या शिवायची. नऊ वर्षं बदलीवर. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, मुकादमाने नाव घेतलं तर आत, नाहीतर घरी. नवरा दम्याने अंथरुणावर. मावशी कायम झाली तर तिला कामगार दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं आणि नवऱ्याचं औषध सुरू होणार होतं. तिचं सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं: कायम.

त्या वर्षी जयंतीला मी सरांना घरी बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. आले. वाशीहून बसने, पांढरा सदरा घालून. वस्तीत निळे झेंडे लागलेले, भोंग्यावर गाणी. सर सतरंजीवर मांडी घालून बसले, खीर दोनदा मागून घेतली, आणि बाबांची पत्रकं चाळली. बाबांना म्हणाले, तुमची वाक्यं फार लांब आहेत, दम लागतो. बाबांना कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि बाबा चक्क हसले.

शेवंतामावशी पदर सावरत दारात येऊन बसली. तिने थेट विचारलं, "साहेब, तुमचं मशीन खोटं बोलतंय का?"

"खोटं बोलत नाही, मावशी," सर म्हणाले. "पण न समजता बोलू शकतं. म्हणून त्याला गप्प बसायला शिकवलंय."

"मंग आमच्या मुकादमालाबी शिकवा की."

सर खीर खाताखाता ठसकले. बाबांनी त्यांच्या पाठीवर थापटलं. मग सर जरा गंभीर झाले आणि म्हणाले की 'नाही' आणि 'माहीत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ज्याला माहीत नाही त्याने थांबावं. नाही म्हणू नये. नाही म्हटलं की समोरच्याचं दार लागतं.

बाबांनी ते वाक्य पुढच्या पत्रकात घातलं. कोणाचं ते लिहिलं नाही, साहेब अडचणीत येतील म्हणून. ते पत्रक तुर्भ्यात फाटकाफाटकावर वाटलं गेलं.

मग तो करार आला. युनियन आणि मालक यांच्यात ठरलं की ठरावीक वर्षं झालेल्या सगळ्या बदली कामगारांना कायम करायचं. चारही विभागांत. भट्टी, पॅकिंग, गोणी, सफाई. करारात शब्द स्पष्ट होते, मी स्वतः वाचले. यादी कॉम्प्युटर काढणार होता. त्याच सुमारास कंपनीच्या मुंबईच्या मुख्य कचेरीतले लोक सरांची भाषा बघायला येणार होते. आवडली तर ती कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत बसवायची होती. सरांनी पाच वर्षं या भाषेवर घालवली होती. त्यांच्या तोंडून असं कधी निघालं नाही, पण त्या दिवसांत त्यांची पेन्सिल सारखी मोडत होती.

इनामदार साहेब त्यांच्या मागे लागले होते, हे आम्हाला दिसत होतं. सराव म्हणून पाहुण्यांना दाखवायच्या अटी चालवल्या, तर मशीन एकामागून एक थांबलं. अटी साहेबांच्या होत्या, चुकाही साहेबांच्या, पण साहेब म्हणाले की रुसणारं मशीन पाहुण्यांना दाखवता येत नाही. मुंबईचे लोक विचारतील, हे चालतं कधी? त्या दुपारी सरांनी आम्हा चौघींना लवकर घरी जायला सांगितलं. एवढी माया त्यांनी कधी दाखवली नव्हती. आम्ही खूश होऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी करारातल्या यादीचं अटपत्र माझ्याकडे आलं. ते मी टाइप केलं. माझ्या या बोटांनी. 'नेमणूक = बदली' इथपर्यंत ठीक होतं. पुढे कंसात लिहिलं होतं: विभाग = भट्टी किंवा विभाग = पॅकिंग किंवा नेमणूक = गोणी किंवा नेमणूक = सफाई.

तुम्हाला वाचताना दिसलं ना? मला दिसलं नाही. म्हणजे डोळ्यांना दिसलं असेल, मनाने पाहिलं नाही. गेली दोन वर्षं मला सवय लागली होती की असं काही असेल तर मशीन थांबेल. मशीन थांबलं नाही. प्रिंटर खडखडला, यादी बाहेर आली, पाकिटात बंद होऊन साहेबांकडे गेली. घरी जाऊन मी शेवंतामावशीला सांगितलं की मशीन एकदाही अडलं नाही, म्हणजे सगळं बरोबर आहे. तिने नवऱ्याला गूळ भरवला.

यादी फळ्यावर लागली. तिच्यात गोणी गोदामातलं एकही नाव नव्हतं. सफाईतलंही नव्हतं. भट्टी होती, पॅकिंग होतं. गोणी आणि सफाईवर कोण काम करतं, ते कोणत्या गावांहून आलेत आणि कोणत्या वस्त्यांत राहतात, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्ही याच देशात राहता. खाली टीप होती: हरकत असल्यास आठ दिवसांच्या आत लेखी कळवावी.

मी अटपत्र शोधून काढलं आणि या वेळी ते अक्षरन् अक्षर वाचलं. सरांच्या समोर बसून मी तीच अट पुन्हा टाइप केली. फक्त शेवटचा तुकडा, शेवंतामावशीच्या नोंदीवर: नेमणूक = गोणी. मशीनने क्षणभर विचार केला आणि छापलं: खोटं.

थांबलं नाही. नुसतं खोटं.

मी सरांकडे बघितलं. ते ब्लेडने पेन्सिल तासत होते. मी विचारलं, हे कधी बदललं. त्यांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर मी शब्दन् शब्द पाठ केलंय.

"सुनंदा, नेमणूक आणि गोणी या दोन वेगळ्या याद्यांतल्या गोष्टी. त्या सारख्या कधीच असणार नाहीत. मग दोन्ही सारख्या आहेत का या प्रश्नाला 'खोटं' हे उत्तर चूक कसं? पुस्तकाप्रमाणे तेही चालतं. काही भाषा असंच करतात."

मी म्हटलं, सर, पण तुम्हीच सांगितलं होतं की नाही आणि माहीत नाही यात फरक आहे. माझ्या घरात बसून सांगितलं होतं.

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. मग म्हणाले की चूक झाली आहे आणि ती ते स्वतः दुरुस्त करतील. फक्त पाहुणे जाईपर्यंत धीर धर. आता बोभाटा झाला तर भाषाच जाईल, आणि भाषा गेली तर पुन्हा कोणासाठीच काही थांबणार नाही. पाहुणे सातव्या दिवशी येतील, आठव्या दिवशी मी नवी यादी काढून देतो. हरकती लिहायला लावू नकोस. त्याने साहेब चवताळतील. मी शब्द देतो.

मी तो शब्द घेतला. पत्रकांवर वाढलेली मुलगी मी, अन्याय दिसला की लिहा, छापा, वाटा, असं दुधाबरोबर प्यायलेली, पण मी घरी येऊन बाबांना काहीच सांगितलं नाही. शेवंतामावशीने हरकतीचा कागद लिहून मागितला, तेव्हा मी म्हटलं, मावशी, थोडी कळ काढा, सर बघतायत. ती म्हणाली, सर बघत असतील तर मग काय काळजी. आणि तिने गोदामातल्या बाकीच्या बायकांनाही तेच सांगितलं. तिच्या शब्दावर त्या थांबल्या, माझ्या शब्दावर ती थांबली, आणि मी कोणाच्या शब्दावर थांबले ते सांगून झालंय.

पाहुणे आले. मशीन एकदाही थांबलं नाही. त्यांना फार आवडलं. टाळ्या वाजल्या, समोसे आले. आठव्या दिवशी सर रजेवर होते.

नवव्या दिवशी मुदत संपलेली होती. मग मी ते अटपत्र घरी नेलं आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, तू त्यांचं वाक्य आपल्या पत्रकात का घालायला दिलंस? मग स्वतःच म्हणाले, मीच घातलं.

युनियनचे लोक आणि गोदामातल्या तीन बायका इनामदार साहेबांच्या केबिनमध्ये गेले. यादीची प्रत घेऊन मला बोलावलं होतं, आणि सरांनाही. मी मनात धरून होते की आता तरी. एवढ्या माणसांसमोर तरी. युनियनचा माणूस सरांना म्हणाला, साहेब, ही अट चुकीची लिहिली आहे हे शाळेतल्या पोरालाही दिसतंय; मशीनला कसं दिसलं नाही? सर म्हणाले, मशीन अट बरोबर आहे की चूक ते बघत नाही, ती खरी ठरते की खोटी एवढंच बघतं.

मग त्याने विचारलं, पूर्वी अशी अट आली की मशीन थांबायचं, हे खरं का?

सरांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

"तशी सोय आमच्या भाषेत कधीच नव्हती," ते म्हणाले.

यादी चुकली ते मी एक वेळ सोडेन. माणूस घाबरतो, साहेबापुढे वाकतो, हे मी पत्रकांतून नाही तर डोळ्यांनी पाहिलंय. आठ दिवस मला गप्प ठेवलं, तेही मी माझ्या मूर्खपणात अर्धं धरीन. पण जी एकच चांगली गोष्ट त्या माणसाने आयुष्यात घडवली होती, ती कधी नव्हतीच असं तो आमच्या तोंडावर म्हणाला. गमबूट घातलेले भट्टीवाले खाली अंगणात चालत होते, खिडकीतून दिसत होते, आणि तो म्हणाला, कधीच नव्हती.

शेवंतामावशी खुर्चीवर बसली नव्हती, कपाटाला टेकून उभी होती. ती रागाने नाही, विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तशी म्हणाली, "साहेब, तुमी आमच्यात जेवलात."

सर उठून गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. महिन्याभरात गोणी आणि सफाईचं काम ठेकेदाराला दिलं. शेवंतामावशी त्याच गोदामात तोच झाडू मारते, फक्त बिल्ला ठेकेदाराचा आहे आणि कारखान्याच्या लेखी ती तिथे नाहीच. तिचा नवरा पुढच्या थंडीत गेला. कागद बाहेर नेला म्हणून मला काढलं. त्याची मला लाज नाही. कागद मी नेला होता. सर मुख्य कचेरीत मोठ्या हुद्द्यावर गेले, आणि त्यांची भाषा आता कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत चालते. तिथे ती कोणाकोणाला 'खोटं' म्हणते, मला माहीत नाही. मला माहीत नाही, म्हणून मी इथे थांबते.

इनामदार साहेबांनी ती अट मुद्दाम तशी लिहिली की घाईत, हेही मला आजवर कळलेलं नाही. बाबा म्हणतात मुद्दाम. पुष्पा म्हणते, त्या माणसाला तेवढी अक्कल नव्हती. माझं म्हणणं, थांबणारं मशीन असतं तर दोन्हींचा निकाल एकच लागला असता.

गोदामवाल्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला आहे. मालकाचा वकील म्हणतो की मुदतीत कोणाचीच हरकत आली नाही, आणि मशीनने करारातली अट निष्पक्षपणे लावली. मशीन पूर्वी अशा अटीला थांबायचं आणि यादी काढायच्या आदल्या दिवशी ते थांबणं काढून टाकलं, एवढं सिद्ध झालं तर सगळा दावा फिरतो. मी साक्ष दिली. वकिलाने विचारलं, अट टाइप कोणी केली? मी म्हटलं, मी. तो हसला आणि खाली बसला. 'थांबलो' छापलेले जुने कागद रद्दीत गेले. पुष्पाचं लग्न होऊन ती गुजरातेत गेली. तिचं पत्र आलं, पण पत्राला साक्ष म्हणत नाहीत. बाकीच्या दोघी अजून त्याच खोलीत नोकरी करतात, त्या बोलणार नाहीत. राहता राहिला एकच माणूस.

तो मला मागच्या उन्हाळ्यात दिसला. वाशीच्या बस डेपोवर, भर दुपारी. बरोबर त्यांची म्हातारी आई होती. बसच्या पायरीवर तिचा पाय उचलून ठेवायला ते खाली वाकले होते. केस पार पिकलेले. मी पिलरच्या सावलीत पत्रकं वाटत उभी होते. दाव्याचंच पत्रक, पुढच्या तारखेचं. त्यांनी मला पाहिलं. आईला खिडकीजवळ बसवून ते खाली उतरले आणि माझ्यासमोर आले. बाबा कसे आहेत, विचारलं. मी सांगितलं. मग मी हातातलं एक पत्रक पुढे केलं, कोणालाही करते तसं.

त्यांनी ते पूर्ण वाचलं. उन्हात, चष्मा कपाळावर चढवून, शेवटच्या ओळीपर्यंत. मला वाटलं, आता म्हणतील वाक्यं लांब आहेत. तसं म्हणाले नाहीत. त्यांनी त्या कागदाची नीट चार घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. कंडक्टरने घंटा मारली. ते चढले आणि आईच्या शेजारी बसले. आई काहीतरी विचारत होती, बहुतेक कोण ती मुलगी म्हणून. त्यांनी तिला काय सांगितलं ते काचेतून मला ऐकू आलं नाही.

त्या तारखेला ते आले नाहीत. पण कागद फेकलेला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून वाचणाऱ्या तुम्हाला माझी एक मागणी आहे. बुटके, पिकलेल्या केसांचे, आईला हात धरून चालवणारे हे गृहस्थ वाशीत किंवा आसपास कुठल्या तरी सोसायटीत राहतात. तुमच्या जिन्यात असतील, तुमच्या बसमध्ये असतील, कदाचित तुमच्याच कचेरीत कोणाला तरी शिकवत असतील. ओळखलंत तर त्यांना शिव्या देऊ नका. त्यांच्या आईपुढे तर मुळीच नको. शांतपणे बसा, चहा दिला तर घ्या. मग सांगा की दावा अजून चालू आहे, शेवंताबाई प्रत्येक तारखेला रोजगार बुडवून येते आणि शेवटच्या बाकावर बसते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांना फार बोलायचं नाही. एकच वाक्य बोलायचं आहे, लहानसं: पूर्वी ते थांबायचं.

जा आणि त्यांना घेऊन या.